सासूबाईंचा हंस

माझ्या सासूबाईंचं चित्र मी रागाच्या भरात काढलं, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

माझा धंदा जरा विचित्र आहे. मी माणसांची चित्रं काढतो, पण त्यांत माणूस नसतो. गिऱ्हाईक समोर बसतं, तासभर बोलतं, मी ऐकतो. मग त्याच्यासाठी एक प्राणी ठरवतो, एक खडा, एक झाड, आणि माती, पाणी, आग, वारा, आकाश यांतलं काहीतरी एक. खडा मी नुसता रंगवत नाही. तो खलात कुटतो, चाळतो, तेलात घोटतो आणि त्याचाच रंग लावतो. लोक कुठली कुठली पुस्तकं वाचून येतात आणि फर्मावतात, माझा सिंह काढा, त्यात माणिक घाला. मी म्हणतो, बसा, आधी बोला. सिंह मागणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा बोकड येतो. तो आधी रुसतो, मग चित्र घरी नेतो, घरचे पोट धरून हसतात आणि म्हणतात, अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ येतो.

घरातल्या कोणाचं चित्र मात्र मी कधी काढलं नव्हतं. ज्याच्या शेजारी रोज जेवायला बसायचं त्याला प्राणी नेमून देणं धोक्याचं असतं, एवढी अक्कल मला आहे.

सासूबाई आमच्याकडे आल्या त्या डोळ्यांमुळे. चाळीस वर्षं त्यांनी गणवेश शिवले, शाळांचे, कारखान्यांचे, इस्पितळांचे. सासरे लवकर गेले. मुलगी चार वर्षांची होती, तेव्हापासून एका मशीनवर आणि एका कात्रीवर घर चाललं. ती कात्री आजही त्यांच्या उशाशी असते आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. डावा डोळा काचबिंदूनं आधीच नेला होता. उजव्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की त्यांना फक्त उजेड आणि सावल्या कळायच्या. डॉक्टरीणबाई मला आणि बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, ऑपरेशन करू, पण डोळा अवघड आहे, दिसेल न दिसेल निम्मं निम्मं धरा. शिवाय रक्तातली साखर खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. साखर उतरायला सहा आठवडे लागणार होते. बायको बस डेपोत वेळापत्रकं लावते, ती दिवसभर बाहेर. म्हणजे सहा आठवडे घरात आम्ही दोघंच, सासू आणि जावई, मध्ये एक पातळ भिंत.

डोळे गेले तरी जीभ शाबूत होती. "जावईबापू, तुमच्या चित्रांना वास मारतो." "जावईबापू, दिवसभर उभं राहून तुम्ही नक्की करता तरी काय?" बावीस वर्षांत त्यांनी मला एकदाही सरळ बरं म्हटलेलं नाही. लग्नात माझा नवा कोट चाचपून म्हणाल्या होत्या, "खांदा चुकलाय." कोटाचा की माझा, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

त्या आल्या त्याच्या चौथ्या दिवशी माझा निळा रंग गेला. एका गिऱ्हाइकासाठी निळा दगड मी दोन दिवस कुटत, चाळत, धूत होतो. वाटीच्या तळाशी बोटभर पूड बसली होती. मी दुधाला म्हणून बाहेर गेलो आणि परत आलो तर वाटी लख्ख. सासूबाई चाचपडत माझ्या खोलीत येऊन टेबल आवरून गेल्या होत्या.

"वाटीत माती साठली होती," त्या म्हणाल्या. "घासून ठेवलीय. कसं राहता हो तुम्ही असं?"

बोललो असतो तर बावीस वर्षांचं एकदम निघालं असतं. मी दार लावून घेतलं, कुंडीतली एक गारगोटी उचलली आणि खलात घालून अशी कुटली की बत्त्याचा आवाज खालच्या मजल्यावर गेला असेल. मग कोरा कॅनव्हास लावला आणि एका बैठकीत सासूबाईंचं चित्र मांडलं. प्राणी साळिंदर. झाड निवडुंग. खडा ती गारगोटी, जी कशावरही आपटली तरी ठिणगी पाडते. आणि चौथी आग. माझा हात इतका भराभर कधी चालला नव्हता. राग उतरला तेव्हा समोर एक टरारलेलं साळिंदर उभं होतं, पाठीमागे विस्तव, आणि मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात दारात काठी वाजली.

"नवं चित्र लावलंत वाटतं. तेलाचा ताजा वास आहे. कोणाचं?"

आता इथे कोणीही शहाणा माणूस दुसऱ्या कोणाचंही नाव घेतो. मी अजून धुंदीत होतो. "तुमचंच," म्हणून बसलो.

"माझं?" त्या थांबल्या. "काय काढलंत?"

शेजारच्या ईझलवर एक अर्धवट हंस होता, पुढच्या महिन्यात द्यायचा. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "हंस."

"आणि?"

"आणि मोती. कमळ. पाणी." एकदा घसरलं की माणूस थांबतो कुठे?

मला वाटलं होतं, आता काहीतरी खोचक येईल. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "बरं. चांगलं काढा," आणि वळून आपल्या खोलीत जाऊन पडल्या. चित्राला हात लावू का, असं दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तेलाचा रंग आहे, चार-सहा महिने पुरता वाळत नाही. हे निदान खरं होतं.

त्या दिवसापासून सासूबाई बदलल्या. चहा पांचट झाला तरी प्यायल्या. ताटातले दोन घास खाऊन निमूट उठायच्या. माझ्या कपड्यांवर, उशिरा उठण्यावर, तेलाच्या वासावर एक शब्द नाही. एके दिवशी म्हणाल्या, "तुम्ही माझ्या मुलीला नीट सांभाळलंत." मी चमच्यासकट थिजलो. धाकट्या बहिणीशी त्यांनी अकरा वर्षं अबोला धरला होता. कशावरून, ते आता दोघींपैकी एकीलाही नीट सांगता येत नाही. तिला त्यांनी स्वतः फोन लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "माझं चुकलं असेल तर पोटात घाल." आणि एका रविवारी ती उशाशी असणारी कात्री त्यांनी लेकीच्या हातात ठेवली. "तुझ्याकडे राहू दे. दर महिन्याला तेल घालत जा."

"आईला झालंय काय?" बायको स्वयंपाकघरात कुजबुजली. "इतकं गोड तर ती मला बाळंतपणातही बोलली नव्हती."

मी आपला मनातल्या मनात फुशारलो होतो. मला वाटलं, हा हंसाचा परिणाम. जन्मात कोणी या बाईला सुंदर म्हटलं नसेल, मी हंस म्हटलं आणि ती विरघळली.

रोज संध्याकाळी त्या माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसायच्या आणि चित्राची चौकशी करायच्या. मी साळिंदराकडे तोंड करून हंसाचं वर्णन करायचो.

"पाणी कसं आहे? खवळलेलं?"

"छे. अगदी शांत."

"पलीकडचा किनारा दिसतो का?"

"दिसतो ना. धूसर, पण दिसतो."

"एकटाच आहे का तो?"

त्यांचा आवाज असा होता की मला एकटा म्हणवेना. "नाही," मी म्हणालो, "पुढे आणखी एक आहे. थोडा लांब, पण मान वळवून थांबलाय."

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले, हातांवर हनुवटी टेकली. "बरं आहे मग," म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा माझ्या साळिंदराकडे बघून खजील झालो. अशा माणसाला मी हे काढून ठेवलं होतं.

खजील होणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. साखर उतरत होती. ऑपरेशनची तारीख ठरली. त्या दिवशी मला लख्ख कळलं की डोळा उघडला तर ही बाई सगळ्यात आधी या खोलीत येणार, आणि कमळ शोधता शोधता तिला निवडुंग दिसणार. मला त्यांच्या रागाची भीती नव्हती, रागाची सवय होती. भीती ही होती की त्या रागावणार नाहीत. नुसत्या मान हलवतील आणि समजतील की इतके दिवस आपल्याशी चाललं होतं ते नाटक होतं, जावयाच्या मनात आपण अशा आहोत. सांगायला लाज वाटते, पण एक क्षणभर माझ्या मनात येऊन गेलं की डोळा नाही उघडला तर सुटलो. मी ताडकन उठलो, तोंड धुतलं. आपण किती खालच्या पातळीचे आहोत ते माणसाला असंच कधीतरी कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पांढरा रंग काढला आणि साळिंदरावर हंस चढवायला घेतला. कॅनव्हासच्या एका कोपऱ्यात आधी मान काढून बघितली. ती बदकाची झाली. पुसली, पुन्हा काढली, पुन्हा बदक. पाठीमागे बायको कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ती डेपोतून लवकर सुटली होती.

"हे कोण?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती आधी तोंडावर हात ठेवून इतकी हसली की खाली बसली. मग उठली आणि तिचा आवाज बदलला.

"ही माझी आई आहे. अशीच आहे. याच्यावर पांढरा रंग फासलास तर बघ."

"पण मी तिला हंस सांगितलाय!"

"मग खोटं सांगितलंस. आता निस्तर."

निस्तरायचं कसं? ऑपरेशनच्या आधी सांगावं तर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्तदाब वाढू देऊ नका. मी बदक पुसून टाकलं, साळिंदर तसंच ठेवलं आणि चित्र भिंतीकडे तोंड करून लावलं.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना आत नेताना त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. "चित्र पुरं करा," म्हणाल्या. "सही करायला विसरू नका." दार लागलं आणि मी आणि बायको बाहेरच्या बाकावर एकमेकांना चिकटून बसलो. मी तेव्हा एकच घोकत होतो, दिसू दे. माझी अब्रू गेली खड्ड्यात, पण हिला दिसू दे.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, काय दिसतंय?"

सासूबाईंनी डोळ्याची उघडझाप केली, पुढे वाकल्या आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे बघत राहिल्या. "हे तिसरं बटण कोणी शिवलंय?" म्हणाल्या. "दोऱ्याचा रंग वेगळा आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या, नर्स हसली, बायको रडली. मी दोन्ही केलं. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय, ते मला त्या मिनिटाला कळलं. घरी जाऊन मला काय ऐकावं लागणार आहे याची त्या वेळी तरी काडीची फिकीर नव्हती.

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. टॅक्सीत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, दुकानांच्या पाट्या एकेक करून वाचत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई आणखी काय म्हणाल्या? मला खरं सांगा."

"आणखी काय म्हणणार? थेंब घालायचे, डोळा चोळायचा नाही."

"असं," म्हणाल्या आणि पुन्हा पाट्यांकडे वळल्या.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता त्या माझ्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. मी चित्र भिंतीकडून फिरवलं, ईझलवर ठेवलं आणि बाजूला उभा राहिलो. बायको दारात.

त्यांनी बघितलं. डोळा बारीक करून, जवळ जाऊन, लांब होऊन बघितलं.

"हा हंस नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"हे साळिंदर आहे."

"हो."

"हंसावर काढलंत?"

"नाही, आई. हंस कधी नव्हताच. तुम्ही माझा निळा रंग धुवून टाकलात त्या दिवशी रागात मी हे काढलं. तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरलो आणि तोंडाला येईल ते सांगितलं. चुकलं माझं. एवढे दिवस रोज खोटं बोललो."

मी मान खाली घालून उभा होतो. वाट बघत होतो.

"हंस कधीच नव्हता?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"कधीच नव्हता."

"मग मला काय झालंय?"

"काय झालंय म्हणजे?"

"लपवू नका आता. तुम्ही हंस कोणाचा काढता ते मला माहीत नाही होय? तुम्हीच जेवताना सांगत होतात, मी तेव्हा दोन दिवसांसाठी आले होते. कोणी बाई स्वतःसाठी हंस मागत होती आणि तुम्ही तिला परत पाठवलंत. हंस मी फक्त गेलेल्या माणसांचा काढतो म्हणालात. मागे राहिलेले येतात, त्यांच्यासाठी."

मी म्हणालो होतो. दोन वर्षांपूर्वी, याच घरात. त्या वेळी सासूबाई भाजी कच्ची राहिली यावर बोलत होत्या आणि ऐकतायत असं मला वाटलंही नव्हतं. शेजारच्या ईझलवरचा तो हंससुद्धा एका बाईंच्या नवऱ्यासाठी होता. मी भीतीनं नेमका तोच उचलून सासूबाईंना दिला होता.

"तुम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजायचात," त्या म्हणाल्या. "निम्मं निम्मं, असं ऐकू यायचं. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला सांगितलंय की ही टेबलावरून उठणार नाही. किंवा डोळ्याचं नुसतं निमित्त आहे, आत दुसरंच काही निघालंय. म्हणून जावयानं चित्र आधीच काढायला घेतलंय."

मला त्या संध्याकाळी आठवल्या. पाणी शांत आहे का, किनारा दिसतो का, एकटाच आहे का. मी त्यांना कमळांची वर्णनं ऐकवत होतो आणि त्या माझ्याकडून आपल्या मरणाची वाट विचारून घेत होत्या.

"आई गं," बायको म्हणाली आणि पुढे येऊन तिनं त्यांना धरलं. "निम्मं निम्मं डोळ्याचं होतं. दिसेल की नाही याचं. बाकी तुला काही झालेलं नाही. साखर सोडली तर काही म्हणजे काही नाही. हवं तर आत्ता डॉक्टरीणबाईंना फोन लावते, तू बोल."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग साळिंदराकडे. स्टूल ओढलं आणि बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत.

"म्हणजे मी धडधाकट आहे!" त्या हसत होत्या, पाणी गळत होतं. बायको ओरडली, आई, डोळा! तरी त्या थांबेनात. "आणि त्या भवानीला मी फोन करून माफी मागितली! अकरा वर्षांची मेहनत पाण्यात घातलीत माझी, जावईबापू! आता ती गावभर सांगत सुटली असेल!" मग एकदम लेकीकडे वळल्या. "आणि माझी कात्री कुठंय? आण इकडे. तेल घातलंस का?"

मी जमिनीवरच बसलो होतो. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं की त्यांचा आवाज चढला आणि मला तो ऐकतच राहावंसं वाटलं.

बायको कात्री आणायला गेली. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. सासूबाईंनी रुमालानं गाल टिपले, डोळ्याला लागू न देता, आणि पुन्हा चित्र बघायला लागल्या. आता त्या कापड बघतात तसं बघत होत्या, शिवण शोधल्यासारखं.

"काटे सगळे उभे काढलेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"साळिंदर काटे उभे कधी करतं?"

मी हे पुस्तकात शंभर वेळा वाचलं होतं. चित्र काढताना मात्र मला त्यांचा नुसता राग दिसला होता. "घाबरलं की," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बरोबर काढलंय मग. हे गेले तेव्हा ही चार वर्षांची होती. तेव्हापासूनचं आहे ते." रुमालाची घडी घालत म्हणाल्या, "हे सहा आठवडे मात्र मला काटेसुद्धा उभे करता येईनात. इतकी भीती वाटत होती हो. रात्री झोप लागायची नाही. सांगणार कोणाला?"

मी सरकून त्यांच्या स्टुलाजवळ बसलो.

"आता?" मी विचारलं.

"आता नाही वाटत." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "केसांना तेल लागलंय की रंग? काय हो हे." मग काठीवर भार देऊन उठल्या. "चला. मला भूक लागलीय."

मी आत जाऊन बायकोला सांगितलं, आईंना भूक लागलीय. तिनं हातातली कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. सहा आठवडे ताटात वाढलेलं निमूट चिवडून उठणारी ती बाई आज पहिल्यांदा स्वतःहून जेवण मागत होती.